सकाळची उजळणी

पुढच्या महिन्यात सुंदरबाई मुलाकडे कॅनडाला जाणार होती. सून पुन्हा कामावर रुजू होणार होती आणि नातीला मराठी कळत नव्हतं. म्हणून योगेंद्र तिकडून रोज धरणगावला व्हिडिओ कॉल लावून आईची इंग्रजीतून उजळणी घ्यायचा. सुरुवातीला तिने स्वतःचीच सकाळ सांगून पाहिली होती, ओट्यावर बसून दातांना राखुंडी लावते, मग बंब पेटवते. "ते इथे काही नाहीये," म्हणत त्याने सगळं गाळून टाकलं. त्याची अहिराणीही केव्हाच सुटली होती. आता उरली होती फक्त नातीची बाथरूम.

"वेक अप, बेटा. ब्रश युअर टीथ. आता थुंक."

"स्पिट."

"स्पिट. वॉश युअर फेस. कम, बाथ. हॉट वॉटर, केअरफुल." टॉवेल समजून तिने पदरच पुढे धरला. "ड्राय युअर हेअर."

"जमलं की. अजून काही अडतंय?" योगेंद्रने विचारलं. तो नुकताच कामावरून आला होता, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढलं नव्हतं.

सुंदरबाई गुडघा चोळू लागली.

"'मी थकी गऊ'ले इंग्रजीमां काय म्हंतस?"

योगेंद्रने चष्मा काढून डोळे दाबले.

"आठे तसं कोनीच म्हनत नही, माय."