जुनं पाणी
पक्षाघात झाल्यापासून प्रीतीच्या सासऱ्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. दिवसभर ते खुर्चीतून काचेच्या टाकीतले मासे बघत. भैंशाहून पाहुणे येणार म्हणून तिने टाकीतलं पिवळट पाणी पार उपसलं, फिल्टरचा बुळबुळीत स्पंज साबणाने धुतला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. "बाबा, पाहा, कसं आरशावानी झालं!" म्हणत ती स्वयंपाकाला लागली. परतली तेव्हा त्या नितळ पाण्यात मासे आडवे पडून तडफडत होते. ती जागीच थिजली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे शाळेत तीच शिकवायची. "प्रीती!" मागून घोगरा आवाज आला आणि ती पुरती हादरली. सासरे बोलले होते. "जुनं पानी... बादली!" मोरीतल्या बादलीत जुनं पाणी थोडं उरलं होतं. तिने मासे त्यात सोडले. एकाचेच कल्ले हलले. "जित्ता हाये," सासरे म्हणाले.