चाळिसाव्याचा मेंढा

बाबा गेल्यानंतर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला वीजप्रकल्पाचा कानिबेक मेंढा घेऊन आला. आमची नदी पाइपात घालायला बाबांनी शेवटपर्यंत विरोध केला होता. आणि गावानं जाहीर सभेत संमती दिल्याशिवाय प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी मिळणार नव्हती.

"हा कशाला आलाय?" मी आत्याला विचारलं.

"गप गं. गेलेल्या माणसाच्या नावानं जेवायला आलेल्यावर संशय घेऊ नये."

"जेवतोय कुठं? फोटो काढतोय."

"शहरातला आहे तो. ते लोक मटणाचेसुद्धा फोटो काढतात."

जेवणं उरकली. मुल्लांनी दुवा सुरू केली, तसे अंगणातल्या सगळ्यांनी तळवे उघडून हात वर केले. मीही केले. डोळे मिटता मिटता दिसलं, कानिबेक स्टुलावर चढला होता.

महिन्याभरानं जिल्ह्याच्या कचेरीत प्रकल्पाची सुनावणी होती. मी मागच्या रांगेत बसले होते. समोरच्या पडद्यावर आमचं अंगण उमटलं.

"ही त्या गावची जाहीर सभा," कानिबेक सांगत होता. "मत द्यायला एक हात पुरला असता, यांनी दोन्ही वर केले!"

सगळे हसले. मी उठून उभी राहिले, तेवढ्यात अध्यक्षांनी त्याला विचारलं, "विरोध कोणाचाच नाही?"

"एका म्हाताऱ्यांचा होता, साहेब. पण ते सभेला आलेच नाहीत."