दस्त्यावरची नावं

ओपलने पर्समधून भावाला बंदूक घरी आणायला मिळालेला लष्कराचा तो जुना परवाना काढला आणि त्यावरचा नंबर बंदुकीच्या लोखंडावरच्या नंबराशी ताडून पाहिला. एकेका आकड्यावर बोट ठेवून, दोनदा. जुळला. पाच वर्षं ही बाई दर शनिवारी जुन्या लष्करी बंदुकांच्या कुठल्या ना कुठल्या बाजारात टेबलं पालथी घालत होती, ओहायोपासून टेनेसीपर्यंत. आणि बंदूक निघाली कुठे, तर घरापासून चाळीस मैलांवर, आर्लन टॅकेट नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या गॅरेजमध्ये. लिलावात हत्यारांची पेटी घेतली, तिच्यासोबत आली म्हणे.

मग तिने लाकडी दस्ता पाहायला बंदूक वळवली.

दस्ता नव्या पलंगाच्या पायासारखा चकाकत होता. पॉलिशचा वासही अजून गेला नव्हता.

चार दिवस घासत होतो, असं टॅकेट सांगत होता. बाईचा भाऊ व्हिएतनामला लढला, ही बंदूक त्याने तिथून आणली, हे फोनवर ऐकलं आणि त्याला वाटलं, असल्या माणसाला त्याची वस्तू कळकट कशी द्यायची? आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग तेलाचे तीन हात. ह्याचे वेगळे पैसे घेणार नाही, हेही त्याने दोनदा सांगितलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं; ओपलला निदान त्याच्या अंगावर ओरडता आलं असतं.

"इथे काही कोरलेलं होतं का हो?" तिने विचारलं. उत्तर समोर दिसत होतं, तरी विचारलं.

"होतं की. नावं होती कसली तरी. कुणा कार्ट्याने चाकूने केलेला उद्योग. अक्षरं खोल होती बाई, जाता जात नव्हती."

"वाचलीत तुम्ही?"

"छे हो. घासताना कोण वाचत बसतंय?"

फोनवर एक शब्द बोलली असती तर भागलं असतं. पण मुद्दामच बोलली नव्हती. त्या बाजारात घेणाऱ्याने आपला जीव कशात अडकलाय ते दाखवायचं नसतं. दाखवलं की समोरचा भाव चढवतो. पाच वर्षांत एवढं ती पक्कं शिकली होती. भावाने व्हिएतनामच्या लढाईतून आणलेली बंदूक आहे, परत हवीय, एवढंच सांगून तिने फोन ठेवला होता. फार शहाणी ना ती.

बाहेर पिकअपमध्ये तिचा धाकटा भाऊ हॉलिस बसला होता. तिकडून परत आला त्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने ह्या दस्त्यावर सहा नावं कोरली होती. त्याच्या सोबतची सहा पोरं, जी परत आली नाहीत. ती नावं त्याने कुणालाच सांगितली नाहीत, ओपललाही नाही. संध्याकाळी बंदूक मांडीवर घ्यायचा आणि नुसता अंगठा फिरवायचा. शुगरने डोळे गेले तरी अंगठ्याने वाचायचा. मग बायको सोडून गेली, ती जाताना बंदूकही विकून गेली. आता डॉक्टरांनी आठवडे सांगितले होते, आणि त्याचं एकच मागणं होतं, माझी पोरं एकदा हाताला लागू देत.

तिने पैसे दिले. भावाला आवडेल ना, असं टॅकेटने विचारलं. आवडेल, म्हणाली. बंदूक मागे चादरीखाली टाकावी, हॉलिसला काहीतरी थाप मारावी, घरी पोचेपर्यंत काही सुचेल, असं तिच्या मनात चाललं होतं. पण टॅकेटने बंदूक तिला उचलूच दिली नाही. स्वतः घेऊन गेला, पिकअपचं दार उघडलं आणि हॉलिसच्या मांडीवर अलगद ठेवली.

हॉलिसचा अंगठा न चाचपडता दस्त्याच्या डाव्या बाजूला गेला, आणि तिथेच थांबला. त्याने बंदूक उलटी करून दुसरी बाजू चाचपली. पुन्हा डावीकडे आला.

"ओपल, हीच आहे का गं?"

"हीच आहे. नंबर जुळला." "घासली गेली रे, हॉलिस. मी त्यांना सांगितलंच नाही. चूक माझी आहे."

टॅकेटला तेव्हा कळलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. त्या म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं.

हॉलिस चिडला नाही की रडला नाही. मग त्याने अंगठा दस्त्यावर अगदी वरच्या बाजूला टेकवला.

"डेन्टन," तो म्हणाला. अंगठा बोटभर खाली आला. "ऑर्टिझ."

चाळीस वर्षांत ओपल ही नावं पहिल्यांदा ऐकत होती. तिने घाईघाईने पेन शोधलं आणि पेट्रोलच्या पावतीमागे लिहायला लागली.

"लोवेल. कुझमा."

अंगठा आणखी खाली आला आणि गुळगुळीत लाकडावर अडला. ओठ हलत होते, पण नाव येईना. हॉलिसने अंगठा पुन्हा वर नेला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. डेन्टन. ऑर्टिझ. लोवेल. कुझमा. पुन्हा तिथेच अडला.

"अजून दोघं आहेत गं," तो म्हणाला, आणि अंगठा परत वर नेला.