निरीक्षण क्रमांक तीन

मावशींनी डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. उजव्यात पेन होतं, म्हणून तो वाचला. खुर्ची चार वर्षांच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकायचेच काय ते बाकी होते. शेजारी तसल्याच खुर्चीवर कॉलेजच्या मॅडम बसल्या होत्या. वयाने त्या मावशींच्या मुलीएवढ्या असतील, पण आज पास-नापास त्यांच्या हातात होतं. समोर फरशीवर गोटी होती, साडेतीन वर्षांची, आणि गोटीसमोर तिचे दोन बूट. बाकीची पोरं बूट चढवून केव्हाच अंगणात पळाली होती.

मावशींच्या वहीत दोन रकाने होते : वेळ, आणि मूल काय करतं. वीस मिनिटं एकाच मुलाकडे बघायचं, दिसेल तेच लिहायचं, मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही. बालशिक्षणाच्या कोर्समधलं हे सगळ्यात सोपं काम, असं वर्गातल्या तरुण मुली म्हणत. मावशी त्यात दोनदा आपटल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांनी ‘मूल हट्टी आहे’ असं लिहिलं, तर मॅडमनी लाल पेनाने विचारलं, ‘हट्ट कसा दिसतो?’ दुसऱ्या वेळचं लिखाण चोख होतं, फक्त मधेच एक ओळ होती : ‘१०.१२ – नाक पुसलं.’ कोणी पुसलं, हे मॅडमना विचारावं लागलं नाही. निरीक्षण रद्द झालं. अठरा वर्षं याच बालवाडीत मुलांचे बूट, नाकं आणि चड्ड्या सांभाळल्यावर मावशींना आता छोट्या गटाच्या ताई व्हायचं होतं. घरी मुलगा चिडवायचा, आई, इतकी वर्षं मदत करायचा पगार घेतलास, आता मदत न करायचा घे. पण आजचं तिसरं निरीक्षणही रद्द झालं, तर सगळं वर्ष वाया जाणार होतं.

‘१०.४० – बूट उचलला. उलटा केला. झटकला.’

गोटीने बुटात डोकावून बघितलं, आत कुणी घरी आहे का बघावं तसं. मग ती उठली, मोज्यांवर घसरत मावशींपाशी आली आणि बूट पुढे करून म्हणाली, “मावशी, घाल ना.”

वर्षभर रोज तिला हा बूट मावशीच घालत होत्या. गोटीने सवयीने पाऊलही उचललं. मावशींनी वहीत डोकं घातलं. गोटी पुन्हा तेच म्हणाली, या वेळी जरा हळू. मावशींच्या पोटात तुटलं. पण पोटाला वहीत रकाना नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘१०.४४ – बूट पुढे केला. “घाल ना” म्हणाली. दोनदा.’

गोटीचा खालचा ओठ बाहेर आला. ती तिथेच, दोघींच्या पायाशी, फतकल मारून बसली. बोटं आत गेली, टाच बाहेर राहिली, बुटाची पट्टी पावलाखाली अडकली. तिने जोर लावला. पाय बाहेर निघाला. तिने पुन्हा घातला. चेहरा लालबुंद झाला आणि एक थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन थांबला. तेवढ्यात मॅडम पुढे वाकल्या. काही नाही, ती पट्टी फक्त जराशी बाहेर ओढायची होती. त्यांची बोटं बुटापाशी पोचली.

मावशींचा मांडीखालचा हात कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी मॅडमचं मनगट घड्याळासकट धरलं होतं. मॅडमनी वर बघितलं. परीक्षा घेणाऱ्या बाईंचा हात आपण पकडलाय, हे मावशींच्या तेव्हा लक्षात आलं. तरी मॅडम मागे होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. मग आपला हात परत मांडीखाली घातला आणि लिहायला लागल्या.

१०.५३ला गोटीने पट्टी स्वतःच उपसून काढली आणि टाच आत गेली. दुसऱ्या बुटाला तीनच मिनिटं लागली. ती उभी राहिली. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. अबोला धरलेल्या जावांसारखी दोन्ही बुटांची तोंडं दोन दिशांना होती. गोटीने ते बूट खूप वेळ बघितले. “झालं माझं,” ती म्हणाली आणि थपथप करत अंगणात गेली.

वीस मिनिटं भरली. मॅडमनी वही मागितली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. बोट एका ओळीवर थांबलं.

‘१०.४८ – मॅडमचा हात बुटाकडे आला. थांबवला. एकदा.’

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. वर्ष वाया गेलं, मावशींच्या मनात आलं.

“हे कशाला लिहिलंत?”

“दिसलं ते लिहिलं,” मावशी म्हणाल्या. “हट्टी म्हटलं नाहीये.”

मॅडम हसल्या नाहीत. “पण चुकलंय,” त्या म्हणाल्या. “दोनदा आला होता. दुसऱ्यांदा तुम्ही खाली बघून लिहीत होतात.”

त्यांनी ‘एकदा’ खोडलं, लाल शाईत ‘दोनदा’ लिहिलं आणि खाली ‘मान्य’ लिहून सही केली.

वही मिटल्यावर मावशींना एकदम हलकं वाटलं. दारातून अंगण दिसत होतं. घसरगुंडीपाशी मोठ्या गटाच्या ताई उभ्या होत्या, आणि गोटी उलट्या बुटांनी शिडी चढत होती. पहिल्या पायरीवर बूट अडकला. तिने खाली वाकून बघितलं, पाय सोडवला आणि पुन्हा टेकवला.

आता उठून जायला काहीच हरकत नव्हती. मावशींनी पेन ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. शेजारच्या छोट्या खुर्चीवर मॅडमनीही घेतले.