पुढील नोंद नाही

साक्षी वाचता वाचता थांबली आणि कागदाची घडी घालू लागली.

“पुढं वाच की,” दत्तराव म्हणाले.

“संपलं, आबा.”

“खाली लिवलेलं दिसायलंय मला.”

समोर बाजेवर शेजारच्या मालनबाई बसल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात वालूर गावाहून त्यांचे आणि दत्तरावांचे बाप एकाच दिवशी पलटणीत गेले, आफ्रिकेत एकत्र पकडले गेले आणि इटलीच्या कैदेत पडले. दत्तरावांचे वडील किसनाजी परत आले. मालनबाईंचे वडील ग्यानबा आले नाहीत. ‘माझ्या मांडीवर तापानं गेला,’ एवढंच किसनाजी मरेपर्यंत सांगत राहिले.

दत्तरावांची नात साक्षी कॉलेजात इतिहास शिकवते. इटलीच्या लष्करी गुप्तचर खात्याचा ती अभ्यास करते. ते खातं युद्धातच मोडीत निघालं, पण कैद्यांच्या चौकशीचे कागद रोममध्ये राहिले. त्यातलं एक पान तिनं मागवून मराठी करून घेतलं होतं. शेवटच्या चार ओळी गाळायच्या, असं ती ठरवून आली होती.

“वाच,” दत्तराव पुन्हा म्हणाले.

तिनं वाचलं. “कैदी किसनाजी याने कळवले की, कैदी ग्यानबा पळून जाण्याच्या तयारीत आहे. ग्यानबाची शिक्षेच्या छावणीत रवानगी. पुढील नोंद नाही. किसनाजीस बक्षीस, सिगारेटची दोन पाकिटे.”

 मग दत्तराव खुर्चीवरून उठले आणि मालनबाईंच्या पायाशी खाली बसले.

“आक्का, मला ठावं नव्हतं.”

मालनबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. “पोरी, माझ्या बापाचं नाव कुठं हाय ह्याच्यात?”

साक्षीनं त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवर टेकवलं. बाप पलटणीत गेला तेव्हा मालनबाई पोटात होत्या. त्यांच्याकडं त्याचा फोटो नव्हता, कुठं माती दिली तेही ठाऊक नव्हतं. बोट तिथंच राहिलं.

“आज्जी, पाणी देऊ?”

त्यांनी नको म्हणून मान हलवली. उठायला दत्तरावांनी हात पुढं केला. तो न धरता त्या भिंतीला टेकत उभ्या राहिल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“पळून जायलता,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “म्हंजे घरीच यायला निघाला होता.”