डावखुरा येशू

नाताळच्या दुपारी सांगलीतल्या लेकाच्या घरी टीव्हीवर येशूचा सिनेमा लागला आणि एस्तेरबाईंना पलूसची चावडी आठवली. त्यांच्या लहानपणी तिथं मिशनची जीप यायची, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून असाच सिनेमा दाखवायची. डाव्या हातानं जेवते म्हणून आईच्या उलथन्याचा मार खाणारी एस्तेर त्या दिवशी लय खूश असायची. पडद्यावरचा येशू लोकांना डाव्या हातानंच भाकर द्यायचा!

नात करुणाही डावखुरी निघाली. सून तिच्यावर ओरडली की एस्तेरबाई तिला कुशीत घेऊन सांगायच्या, "येशू बी आपल्यावानीच हाय."

आज करुणा टीव्हीकडं बोट दाखवून रडवेली झाली. "आजी, तू खोटं बोललीस. हा तर उजव्या हातानं भाकर देतोय."

एस्तेरबाई बघतच राहिल्या. मग एकदम हसल्या आणि नातीचे खांदे धरून तिला पाठीमागच्या कपाटाच्या आरशाकडं वळवलं. आरशात येशू डाव्या हातानं भाकर देत होता.

"हितनं बघ, बाळा. पडद्याम्होरं बाप्ये बसायचे. आमी बायका पडद्याच्या मागल्या अंगाला बसायचो."