कुंडीच्या तळाशी

मुलगी तापानं गेली आणि महिन्याभरात तिचा पिवळ्या बदकाचा कप बायकोच्या हातून फुटला. “तुकडे टाकून दिले,” ती म्हणाली. हिचं काळीज दगडाचं, अशी त्यानं मनाशी खूणगाठ बांधली आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलणं ठेवलं. बायकोनं दोन जातींच्या संकरातून वाढवलेलं ऑर्किड कुंडीत मावेना, म्हणून आज त्यानं ती उपडी केली. मातीऐवजी भरलेली झाडाची कुजकी साल झटकताना तळाशी, निचऱ्यासाठी घातलेल्या खापऱ्यांत, पिवळं बदक दिसलं. मुळांनी तो तुकडा कवटाळला होता. “फेकवेना हो,” मागून बायको म्हणाली, “आणि डोळ्यांसमोर ठेववेना.” तुकडा सोडवायला त्यानं सुरी लावली, तशी ती पुढे झाली. “सोडवू नका. धरलेलं सुटत नाही, मूळच तुटतं.” त्यानं सुरी खाली ठेवली. “जरा मोठी कुंडी आण,” बदकावरून बोट फिरवत तो म्हणाला, “हिलाही जागा लागेल.”